चटईवरची एक जागा

"पालक हाच बालकाचा आद्य गुरू! आणि ज्या दिवशी या देशातला प्रत्येक पालक आपल्या पाल्याच्या शेजारी संगणकासमोर बसेल, त्या दिवशी नव्या युगाची पहाट उगवल्याशिवाय राहणार नाही!"

कणकवलीच्या संस्थेचे हरिश्चंद्र साहेब यांनी बालवाडी चालवणाऱ्या सुगंधाच्या पडवीत उभे राहून ही गर्जना केली, तेव्हा त्या ऐतिहासिक क्षणाला पालकवर्गातर्फे एकटा भिकाजी हजर होता, आणि तोही आपला हरवलेला बोकड इकडे आला आहे का, एवढेच बघायला आला होता.

"बोकड बघलंस काय गो सुगंधा?" त्याने दारातूनच विचारले.

"नाय रे भिकाजी. पण इलंस तसो बस. तुझ्या नातवाची सभा आसा."

"बसलंय असतंय गो. पण बोकड थांबणा नाय," असे म्हणून पालकवर्ग निघून गेला.

सुगंधा तशीच उभी राहिली. पहाटे उठून झाडून घेतलेल्या चटया रिकाम्या होत्या, केलेल्या खोबऱ्याच्या वड्यांवर माश्या बसू लागल्या होत्या, आणि कोपऱ्यात, नव्या टॉवेलाखाली झाकलेला तो कॉम्प्युटर एखाद्या सोवळ्यातल्या पाहुण्यासारखा मुकाट बसला होता... तिच्या डोळ्यांत पाणी तरळले. देवा, माणसे माझ्या पडवीला इतकी का भितात? की ज्याच्यासाठी मी ही पडवी उघडी ठेवली, तोच येत नाही, म्हणून बाकीच्यांचीही पावले अडतात?

ही दोन हजार चार सालची गोष्ट. आचऱ्याच्या अलीकडे खाडीकाठी वसलेल्या खारवाडीत तोवर केबलवाल्याची तार माडावरून माडावर उड्या मारीत घरोघर पोचली होती, आणि पाच-पाच वर्षांची पोरे टीव्हीपुढे तोंड उघडे टाकून बसू लागली होती. संस्थेचे म्हणणे असे की, पोरांना नुसते बघे करू नका. त्यांना स्वतः चित्र काढू द्या, त्यावर स्वतःचा आवाज भरू द्या, म्हणजे पडद्यावरचे सगळे कोणीतरी केलेले असते हे त्यांना कळेल. पण त्यासाठी शेजारी घरचे माणूस हवे. त्याने माऊसला हात लावायचा नाही, उपदेश करायचा नाही. फक्त विचारायचे, हे काय? मग काय झाले? बस्स.

"कल्पना साधी आहे, सुगंधाबाई," साहेब वडी खात म्हणाले, "पण अट कडक आहे. मार्गशीर्ष संपेपर्यंत प्रत्येक मुलाचा बाप किंवा आई, नसल्यास घरचे कोणी, एकदा तरी शेजारी बसलेच पाहिजे. एकही मूल एकटे राहिले तर हा संच इन्सुलीच्या शाळेला जाईल. तिथले पालक फार उत्सुक आहेत."

"एकही?" सुगंधाने क्षीण स्वरात विचारले.

"एकही. वड्या छान झाल्यात."

त्या रिकाम्या पडवीत तिला एकच मूल दिसत होते... संचिता! तिच्या धाकट्या भावाची, मंगेशची मुलगी. माडाच्या एका वाफ्यापलीकडे मंगेशचे घर होते, हाक मारली तर पोचेल एवढ्या अंतरावर. पण गेली नऊ वर्षे त्या अंतरावरून एकही हाक आली नव्हती. संचिता मात्र रोज डबा घेऊन बालवाडीत यायची आणि सगळ्या मुलांसारखी तिला 'बाई' म्हणायची.

"आत्या म्हण गो," एकदा सुगंधा न राहवून बोलली होती.

"बाबान सांगितल्यान, बाई म्हण," संचिता गंभीरपणे म्हणाली होती. "आत्या ह्यो शब्द आमच्याकडे बंद आसा."

काय अपराध होता सुगंधाचा? ती सतरा वर्षांची असताना एका पहाटे बापाची होडी परत आली होती... रिकामी! वल्ही जागच्या जागी, पाण्याचा डबा जागच्या जागी, फक्त माणूस तेवढा नव्हता. आई त्या धक्क्याने वर्षाच्या आत गेली. मागे राहिला आठ वर्षांचा मंगेश, जो दिवसभर त्या होडीत बसून वल्ही मारायचा आणि थोरल्या बहिणीला, आपल्या बायला, म्हणायचा, "बाय, मी मोठो झालंय की बाबांका हाडूक जातलंय." बापाला आणायला समुद्रात जायचे ते बोलणे ऐकून त्या पोरवयाच्या मुलीचे काळीज असे चरकले, असे विदीर्ण झाले, की तिने चार माणसांना न विचारता, कोणाचा सल्ला न घेता ती होडी देवगडच्या एका माणसाला विकून टाकली! मंगेशला तिने कणकवलीच्या बोर्डिंगात घातले. कणकवलीच्याच एका मास्तरांचे स्थळ चालून आले होते, मुलगा भला होता, पण 'धाकट्या भावाचे नंतर बघू' म्हणाला, म्हणून तिने त्याचेच नंतर बघायचे ठरवले, आणि ते 'नंतर' कधी आले नाही.

पण समुद्र रक्तात असला की बोर्डिंगच्या भिंती काय करणार? मंगेश पळून परत आला आणि दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढला. एके दिवशी मालकाने चारचौघांत त्याला टोमणा मारला, "बापाशीची होडी सांभाळूक जमली नाय, तो माझी काय सांभाळतलो?" त्या संध्याकाळी तो घरी आला, अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "तू होडी इकलंस नाय, माका इकलंस. आजपासून तू माझी बाय नाय." बस्स! त्यानंतर त्याने लग्न केले, घर बांधले, मुलगी झाली... आणि जिने त्याला घास भरवले होते, तिला त्या मुलीच्या बारशाचे गूळ-खोबरे शेजारणीच्या हातून मिळाले.

सुगंधाला कॉम्प्युटरचे काय होते? काही नव्हते. पण शेजारी घरचे माणूस बसायचे, हे संस्थेकडून प्रथम ऐकले त्या दिवसापासून तिच्या मनात एक वेडी आशा रुजली होती, की मुलीसाठी तरी तो एकदा या चटईवर बसेल... एकदाच... आणि चुकून तोंडातून निघून जाईल, "बाय!"

म्हणून ती पदर खोचून पालक गोळा करायला निघाली.

आणि पालक म्हणजे काय एकाच जातीचा प्राणी असतो? खालच्या वाडीतले म्हणाले, "सकाळी मासो, दुपारी बाजार, सांजेक जाळा. आमका वेळ खंय?" वरच्या वाडीतले शेतकरी म्हणाले, "भात झोडूचा आसा. कॉम्प्युटर झोडता काय?" नर्मदाआजी नातवाला एकटी सांभाळायची, कारण तिचा मुलगा किरण मुंबईला होता, ती म्हणाली, "माका ता बघल्यार डोक्यात मुंगयो येतत. माझो झील इलो की तेका बसय." आणि गावकीतले मानाचे बाबली गावकर तर विचारायलाच स्वतः आले. त्यांचा तक्रारीचा मुद्दा वेगळा होता.

"बसान काय सर्टिफिकेट गावतला काय?"

"कोणाक? आजोबाक?"

"मगे? बसतलो मी आणि सर्टिफिकेट नातवाक?"

शेवटी एका सकाळी, सगळे धैर्य एकवटून, सुगंधा किनाऱ्यावर गेली. मंगेश वाळूत बसून जाळे सांधत होता. शेजारी भिकाजी, अजूनही बोकडाच्याच शोधात, डोळ्यांवर हात धरून उभा होता.

"मंगेश..." ती जाळ्याच्या कडेशी थांबली. "एकदाच येवन बस रे. माझ्यासाठी नको. चेडवासाठी, संचितासाठी."

मंगेशने जाळ्यातून मान वर केली नाही. "भिकाजी, हंय कोण बोलता काय?"

भिकाजीने इकडे-तिकडे बघितले. "तुझी भैन बोलता."

"तिका सांग, माझी होडी परत हाडून दी. मगे बसतंय."

"सुगंधा, ह्यो म्हणता, होडी हाड."

"ऐकलंय मी," सुगंधा म्हणाली. अश्रू तिच्या गालांवरून ओघळत होते.

"ऐकल्यान," भिकाजीने प्रामाणिकपणे मंगेशला कळवले. आणि मग, "तुमच्यातल्या कोणी बोकड बघल्यात?"

सुगंधा परत फिरली. वाटेत कुंपणापाशी मंगेशची बायको प्रियांका मासळीची टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. तिने आवाज खाली आणला. "वन्सं, मी येवन बसतंय. कोणाक कळाचा नाय."

"नको गो," सुगंधा म्हणाली. "तुझ्या घरात माझ्यामुळे भांडणा नकोत." आणि ती चालू लागली. प्रियांका तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली, इतका वेळ की टोपलीतून पाणी गळून तिचा खांदा भिजला.

मार्गशीर्ष सरत आला. सगळे संपले, असे सुगंधाने मनाशी धरले. आणि त्याच आठवड्यात ग्रामदेवतेने कौल दिला... गावपळण!

खारवाडीची ही रीत जुनी. दर काही वर्षांनी देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री गाव मोकळे करायचे. वेशीबाहेर काजूच्या बागेत माडाच्या झापांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचे, तिथेच भजने म्हणायची. जिते ते सगळे बाहेर, माणूस, गुरे, कोंबडी, कुत्रे. एकही जीव मागे राहिला तर देवाचा कोप! भिकाजीच्या बोकडासाठी म्हणूनच आता अख्खा गाव रानोमाळ हिंडू लागला, आणि तो शेवटी गावकरांच्याच माडीवर, त्यांच्या सोवळ्याचे धोतर अर्धे खाऊन झालेल्या अवस्थेत सापडला.

देवळातल्या बैठकीत सुगंधाने हताश आवाजात विचारले, "गावकरांनू, कॉम्प्युटराचा काय करूचा? तीन दिवस एकटो ऱ्हवलो तर चोरी..."

"तो खंय जितो आसा?" बाबली गावकर म्हणाले. "ऱ्हवांदे."

"आजोबा, तो निजता," एक पोर ओरडले.

"उठयल्यार उठता!"

"अंग गरम होता तेचा!"

"कधी कधी रुसता, मगे कायव केला तरी हलणा नाय!"

बाबलींच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी देवाकडे बघितले, सुगंधाकडे बघितले. "निजता, उठता, तापता, रुसता... माझ्या जावयाची सगळी लक्षणां आसत. तेका आमी माणसात धरतो ना? मगे ह्योय जितोच. भायर काढा!"

आयुष्यात कधी खोटे न बोललेल्या सुगंधाने त्या क्षणी खरेही बोलले नाही.

तर भिकाजीच्या बैलगाडीतून, गोधडीत गुंडाळून, बोकडाच्या शेजारी बसून खारवाडीचा कॉम्प्युटर गावपळणीला निघाला. आणि काजूच्या बागेत उतरून सुगंधाने मान वर केली, तेव्हा तिला दिसले... पालक! जिकडे बघावे तिकडे पालक! होड्या किनाऱ्यावर पालथ्या, भात खळ्यात, गुरे दावणीला, टीव्ही वेशीच्या आत कुलपात, आणि गावपळणीसाठी खास रजा काढून आलेले मुंबईकर चाकरमानीसुद्धा, सगळे हातावर हात ठेवून झाडाखाली बसलेले, जांभया देत! ज्यांना ती महिनाभर दारोदार शोधत होती, ते सगळे देवाने तिच्यासमोर ओळीने आणून बसवले होते, आणि त्यांना करायला काहीही नव्हते.

भजनाच्या लाऊडस्पीकरसाठी भाई मंडपवाल्याने जनरेटर आणला होता. त्याने कॉम्प्युटरलाही तार जोडून दिली, आणि आवाज बारीक येतो म्हणून पोरांच्या माइकची तार सरळ भोंग्याला लावून टाकली.

पहिला बसला नर्मदाआजीचा किरण. त्याच्या मुलाने एक लाल चौकोन काढला.

"ह्यां काय रे?"

"मुंबयची गाडी."

"तेच्यात कोण आसा?"

"तू."

"बरा. मगे काय झाला?"

"मगे काय... गेलंस."

किरण उठला, काजूच्या झाडामागे गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला. मग परत येऊन त्याने विचारले, "मगे इलंय काय रे परत?" पोराने विचार केला आणि गाडीला उलटीकडे तोंड काढले. ते बघून नर्मदाआजीच्या डोक्यातल्या मुंग्या पळाल्या आणि ती स्वतः बसली. 'मगे काय झाला?' हा प्रश्न तिने जन्मभर शेजारणींना विचारला होता, त्यामुळे तिला तयारीची गरजच पडली नाही. भिकाजीच्या नातवाने बोकड काढला. बाबली गावकरांनी नातवाच्या हातातून माऊस हिसकावला, तेव्हा भोंग्यातून अख्ख्या बागेला ऐकू गेले, "आजोबा, हात काढ आधी!"

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला हरिश्चंद्र साहेबांची जीप वेशीबाहेर येऊन थांबली. मुदत संपली होती. साहेबांनी मुलांची नावे एकेक करून विचारली, आणि प्रत्येक नावाला कोणीतरी "बसलो! बसली!" असे ओरडले.

"राहिली कोण? संचिता. संचिताचे पालक?"

मंगेश दूर, सगळ्यांकडे पाठ करून, मांडीवर जाळे घेऊन बसला होता. प्रियांका उठली. दोन पावले चालली. मग तिने नवऱ्याच्या पाठीकडे बघितले, सुगंधाकडे बघितले, आणि सपाट जमिनीवर खाली बसली.

"आयगे! पाय मुरगाळलो," ती मोठ्याने म्हणाली. "माका चलाक जमाचा नाय. संचिता गो, बाबाक हाक मार."

मंगेश हलला नाही.

संचिता चटईवर जाऊन बसली. एकटी! शेजारची जागा रिकामी... एवढ्या गर्दीत, एवढ्या माणसांत, त्या इवल्या जिवाच्या शेजारी ती एक हातभर रिकामी चटई! सुगंधाला वाटले, धरणीने पोटात घ्यावे. महिनाभराची पायपीट, नऊ वर्षांची आशा, सगळे या हातभर जागेत बुडून चालले होते. यंत्र जाईल तर जावो, पण या लेकराने एकटे बसू नये! ती धावतच पुढे आली.

"साहेब, तुमचो कॉम्प्युटर न्या इन्सुलीक! चेडवाचो बापूस येवचो नाय. दोष तेचो नाय, माझो आसा. पण चेडवाक एकटा बसवू नका..." आणि ती संचितासमोर, त्या रिकाम्या जागेपुढे पडदा अर्धा झाकत गुडघ्यांवर बसली. अश्रू आवरत, शिकवल्याप्रमाणे तिने विचारले, "ह्यां... ह्यां काय गो, बाय माझी?"

"होडी," भोंग्यातून संचिताचा आवाज बागेवर पसरला.

"कोणाची?"

"बाबाची."

"तेच्यात बाबा खंय?"

"तेच्यात कोण नाय. रिकामी." संचिताने निळी रेघ ओढली. "ट्रॉलर येयसर मी रोज वाट बघतंय. ट्रॉलर रिकामो इलो तर?"

ओठांवर पदर दाबून सुगंधाने कसेबसे विचारले, "मगे... मगे काय झाला?"

संचिताने माऊस धरला, जीभ बाहेर काढली, आणि पडद्यावरची होडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून टाकली. निळा समुद्र तेवढा उरला.

"पुसलंय."

"गो! पुसलंस कित्याक?"

"होडी आसली की बाबा जाता. नसली की खंय जातलो?"

"बाबा रागावतलो गो..."

"रागावांदे," भोंगा शांतपणे म्हणाला. "पण घराक आसतलो."

मृदंगावर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला. बोकडसुद्धा चघळायचा थांबला. नर्मदाआजीने हुंदका दिला, साहेबांच्या चष्म्यावर धुके साचले, आणि सुगंधा... ती दोन्ही हातांनी तोंड झाकून अशी हमसाहमशी रडू लागली, की जणू ती रिकामी होडी आजच, आत्ताच, या काजूच्या बागेत येऊन लागली होती! जे ती स्वतः जन्मात कधी सांगू शकली नाही, तेच त्या चिमुरडीने एका हाताने, एका माऊसने, सगळ्या गावाला सांगून टाकले होते.

आणि तेव्हा दूरवर काहीतरी खाली पडले. जाळे होते. मंगेश उभा राहिला होता.

माणसे बाजूला झाली. तो चालत आला... सावकाश, पाण्यातून चालावे तसा, नऊ वर्षांच्या अभिमानाचे ओझे एकेका पावलाने टाकत... आणि चटईवर, मुलीच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. संचिताने त्याच्याकडे घाबरून बघितले. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. तो त्या निळ्या, रिकाम्या पाण्याकडे बघायला गेला, आणि मग त्याची नजर वर गेली, पडद्याच्या पुढे गुडघ्यांवर बसून पदरात तोंड खुपसून रडणाऱ्या त्या पांढऱ्या होऊ लागलेल्या केसांच्या बाईकडे. गळ्याशी नऊ वर्षे अडकलेले काहीतरी वर येत होते, सगळ्या गावाला ते दिसत होते, प्रियांका पाय मुरगळल्याचे विसरून टाचा उंचावून उभी राहिली होती, अख्खी बाग श्वास रोखून वाट पाहत होती...

"बाय," मंगेश म्हणाला.

सुगंधाने झटकन मान वर केली. माइक चालूच होता.

"बाय, जरा सरक गो. माका दिसणा नाय."